आर्चबिशपांनी शेवटी कुठे पाहिलं

काजेटान फॉन रॉटेनेक आर्चबिशप झाले त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत त्यांच्या मुलखातल्या एकाही माणसाने त्यांना ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हेच त्यांचं खरं दुखणं होतं. फर्मान निघालं की गावोगावचे फादर ‘होय महाराज’ म्हणत, गावकरीही टोप्या काढून ‘होय महाराज’ म्हणत, आणि बग्गी वळणाआड गेली की सगळं मागच्या पानावरून पुढे चालू. त्यांनी वर्षाचे सण निम्म्यावर आणले, तर लोक उरलेल्या सणांना दुप्पट प्यायला लागले. लोकांच्या बोलीतलं गाण्यांचं पुस्तक छापून घरोघर वाटलं, तर बायकांनी ते तापलेल्या लेकरांच्या उशाखाली ठेवलं. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला निदान काही समजावून सांगता येतं.

त्यांना निवडणाऱ्या बारा वरिष्ठ पाद्र्यांना तर ते चांगलेच महागात पडले होते. रॉटेनेक घराणं चारशे वर्षांचं. थोरल्याला गढी आणि धाकट्याला चर्च, हा घरचा शिरस्ता. नवव्या वर्षी काजेटानच्या डोक्यावरचे केस गोल भादरून त्याला पाद्र्यांच्या शाळेत टाकलं होतं. खानदानी माणूस आहे, शिकार करील, चांगलंचुंगलं खाईल आणि आपल्यालाही सुखाने जगू देईल, असा त्या बाराजणांचा होरा. हा माणूस पुस्तकं वाचतो आणि वाचलेलं मनावर घेतो, हे त्यांना फार उशिरा कळलं.

या सगळ्या सुधारणांत एक सुधारणा मात्र महाराजांच्या जिवाच्या जवळची होती. डोंगरातल्या चर्चमध्ये स्वर्गारोहणाच्या सणाला येशूची लाकडी मूर्ती दोरीने बांधून वर ओढत आणि छताला मधोमध ठेवलेल्या भोकातून नाहीशी करत. लोक माना वर करून बघत ते भक्तीने नव्हे. दोरीला पीळ असतो, त्यामुळे मूर्ती वर जाताना गरगरते. भोकात शिरताना तिचं तोंड ज्या उताराकडे असेल, त्या उतारावर यंदा गारा पडणार, हे तिथल्या माणसांना सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एका गावात दोरी ओढणारा घंटेकरी त्या भोकातून खाली पडला आणि जागच्या जागी गेला. महाराज दुसऱ्या दिवशी सांत्वनाला गेले, तेव्हा त्यांना कळलं की लोकांनी त्या बिचाऱ्याला उचलायच्या आधी त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहून घेतलं होतं.

त्या दिवशी बग्गीत बसल्यावर ते संतापाने रडले होते. आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मूर्ती ओढण्यावर बंदी घातली होती.

क्रुमेनाखचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालच्या सगळ्या वाड्या, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत हट्टी. तिथे बंदी पाळली जाते की नाही, हे बघायला यंदा महाराज स्वतःच सणाला गेले. बरोबर त्यांचा चिटणीस फादर एगिडियुस होता. हा माणूस बोलायचा कमी आणि बघायचा फार. महाराजांनी छताचं भोक फळ्या ठोकून बंद केलंय ना ते शिडी लावून तपासलं. लाकडी मूर्ती कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. गावचे फादर कोर्बिनियान प्रत्येक खिळ्याला ‘होय महाराज’ म्हणत होते.

सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला चर्च नुसतं भरून गेलं. बाकं संपली, मधली वाट भरली, दारात माणसं उभी राहिली. महाराजांना वाटलं होतं की मूर्ती नाही म्हटल्यावर निम्मं गाव घरी बसेल.

“एवढी माणसं?” त्यांनी कोर्बिनियानांना विचारलं.

“लोकांना महाराजांच्या प्रवचनाची ओढ लागलीय.”

महाराजांना ते खरं वाटलं. नऊ वर्षं उपाशी असलेला माणूस पहिला घास नीट निरखून थोडाच बघतो?

क्रुमेनाखचं प्रवचनपीठ एका जाड खांबाला चिकटून उंच बांधलेलं आहे आणि त्याचा जिना खांबाच्या आतून जातो. बोलणारा खाली दिसेनासा होतो तो एकदम वर उगवतो. महाराजांचा डावा गुडघा धरलेला होता, म्हणून ते एकेक पायरी चढले आणि वर पोचल्यावर पाहतात तर शेकडो डोळे त्यांच्याकडे लागलेले. कुणी खोकत नव्हतं. कुणाला डुलकी लागली नव्हती. त्यांनी सांगितलं की स्वर्ग म्हणजे काही छतावरचा माळा नाही. गारा वरच्या थंड हवेत तयार होतात, आणि देवाला काही सांगायचंच असेल तर तो लाकडाची मान फिरवून सांगणार नाही. बोलता बोलता ते डावीकडे वळले की सगळं चर्च डावीकडे झुके, उजवीकडे वळले की उजवीकडे. इतकं मन लावून ऐकणारी माणसं त्यांनी राजधानीतही पाहिली नव्हती.

आमेन म्हणून ते जिन्याकडे वळले आणि गुडघा अडकला. कठड्याला धरून ते क्षणभर थांबले. समोर पूर्वेची खिडकी होती, तिच्यातून ऊन आत आलं होतं. त्या उन्हाकडे पाहत त्यांनी गुडघा सोडवला आणि खाली उतरले.

खाली येईपर्यंत चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली होती. पुढच्या बाकांवर पूर्वेच्या उतारावरची घरं बसत. तिथे दोन बायका रुमाल डोळ्यांना लावून रडत होत्या, आणि मागच्या बाकांवरची माणसं मात्र लग्नघरातल्यासारखी खुशीत दिसत होती. महाराजांचा ऊर भरून आला. प्रवचन ऐकून माणसं रडली, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

जेवायला फादर कोर्बिनियानांच्या घरी धुरावलेला मासा आणि लोण्यातले कणकेचे गोळे होते. महाराज दोनदा वाढून घेत म्हणाले, “एगिडियुस, पाहिलंस? माणूस हा समजावून सांगितलं तर समजतो. आपण त्याला समजावून सांगत नाही, हा आपला दोष.”

एगिडियुसने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

तेवढ्यात बाहेरून ठोक-ठोक असा आवाज यायला लागला. आधी एक, मग दोन, मग पूर्वेकडचा सगळा उतार ठोकायला लागला. महाराजांचं लहानपण गढीच्या शेतीवाडीत गेलेलं. गवत कापायच्या विळ्यांना धार लावताना पातं हातोडीने ठोकतात, हा त्यांना लहानपणापासूनचा ओळखीचा आवाज.

“आज सणाच्या दिवशी विळे कोण ठोकतंय? आणि आत्ता मे महिन्यात? गवत घोट्याएवढं तरी आलंय का?”

“होय महाराज,” कोर्बिनियान म्हणाले.

“होय काय होय? मी काय विचारतोय?”

कोर्बिनियानांनी आणखी एक गोळा वाढला. त्यांच्याकडून काही कळणार नव्हतं. पण सांगणारी दारात येऊन उभी होती. नोटबुर्गा झोनलाइट्नर, पूर्वेच्या उतारावरच्या चौदा घरांपैकी सगळ्यांत वरच्या घराची मालकीण, विधवा, साठीची, आणि मागे टोप्या चुरगाळत उभे असलेले तीन शेतकरी.

“महाराज, जेवण झालं की एकदा परत वर चढा,” ती म्हणाली. “आणि उतरताना दुसरीकडे कुठे तरी बघा. आम्ही तुमचं काही वाकडं केलं नव्हतं.”

महाराजांना आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि हातातला काटा त्यांनी इतक्या हळू खाली ठेवला की एगिडियुसने अंग चोरलं.

“तुम्ही प्रवचन ऐकत नव्हता.”

“ऐकलं की. हवा थंड असते म्हणालात.”

“तुम्ही माझं तोंड बघत होता. त्या मूर्तीऐवजी.”

“तुम्हीच भोक बंद केलंत. किल्लीही तुमच्या खिशात. मग कोण वर जाणार? तुम्ही गेलात.”

“मी माणूस आहे, बाई. मी काही लाकूड नाही.”

“म्हणून तर काळजी,” नोटबुर्गा म्हणाली. “लाकडाचं आम्हाला काय कौतुक! आमचा घंटेकरी, वाइट त्याचं नाव, दोरीला हळूच पीळ द्यायचा. जो उतार त्याला बिअर पाजील त्याच्याकडे मूर्तीची पाठ. सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळे उलटं निघालं तरी मनाला म्हणता यायचं, की हे वाइटचं काम. पण तुम्हाला कोण पीळ देणार? तुम्ही बिअरही पीत नाही म्हणतात. तुमचं तोंड आपसूक वळलं. आणि नुसतं वळलं नाही, चांगलं थांबून बघितलंत आमच्याकडे.”

“माझा गुडघा अडकला होता!”

“अडकायला आमचीच दिशा बरी सापडली.”

मागच्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. महाराजांनी डोकं हातांत धरलं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते माणूस आज समोर उभं राहून तोंडावर भांडत होतं.

“बरं, तुम्ही काय करणार आहात?”

“गारा यायच्या आत कापणार. उद्या पहाटे सुरू.”

“अहो, जुलैचं गवत मे महिन्यात कापलंत तर मूठभरही हाती लागणार नाही. हिवाळ्यात गुरांना घालणार काय?”

“निम्मी गुरं मारावी लागतील,” नोटबुर्गा म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “साठ गाई आहेत चौदा घरांत. तीस तरी जगतील. गारांनी झोडपलं तर एकही नाही. हा हिशेब आम्हाला कळतो, महाराज.”

“मी मनाई करतो. फर्मान समजा.”

“होय महाराज,” मागचे तिघे एका सुरात म्हणाले.

ते ‘होय’ ऐकून महाराजांच्या कपाळाची शीर उडायला लागली. नोटबुर्गा मात्र ‘होय’ म्हणाली नाही.

“खोटं कशाला बोलू? मी पहाटे कापायला जाणार,” ती म्हणाली. “तुम्ही पुस्तकं वाचलीत, तुम्ही कुठेही बघितलंत तरी तुमचं काही जात नाही. मग एकदा दुसरीकडे बघायला एवढं जड का जातंय?”

महाराज मागच्या दाराने बाहेर पडले आणि एकटेच चर्चमध्ये जाऊन बसले. बाहेर विळे ठोकणं चालूच होतं. त्यांनी कपाट उघडलं. मूर्तीचं नाक झिजलेलं होतं, डोळ्यांचा रंग उडालेला होता. या असल्या तोंडापायी एक माणूस दगडी फरशीवर मेला होता. आज त्यांनी पुन्हा वर चढून दिशा बदलली, तर त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या मुलखाला लिहून दिल्यासारखं होतं की तुमचं खरं होतं आणि मीच वेडा. पुढल्या वर्षी तीस धर्मग्राम त्यांना बोलावतील. बाराही पाद्री पोट धरून हसतील. आणि नाही चढले तर तीस गाई. गाई पुस्तकं वाचत नाहीत, त्यांचा यात काही अपराध नाही. नोटबुर्गाचाही नाही. ती चुकत होती, पण सरळ चुकत होती.

आणि समजा चढले, तर बघायचं कुठे? उत्तरेला गिरणीची वाडी. दक्षिणेला वरचं क्रुमेनाख. जिकडे बघतील तिकडची माणसं उद्या विळे ठोकायला बसतील. राहिली पश्चिम. पश्चिमेला दरीच्या तोंडाशी रॉटेनेकची गढी, तिच्याखालचे द्राक्षमळे, आणि ते सगळं सांभाळणारा त्यांचा थोरला भाऊ, काउंट ओटोकार. त्याने चोवीस खंडांचा ज्ञानकोश विकत घेतला होता. धाकट्या भावाला पहिलं बंडखोर पुस्तक त्यानेच शाळेत चोरून पाठवलं होतं. तो हे ऐकून खो-खो हसेल आणि विसरून जाईल. जिकडे बघून कुणाचंच काही बिघडणार नाही, अशी दिशा एवढी एकच होती.

महाराजांनी कपाट बंद केलं आणि दारात ताटकळत असलेल्या एगिडियुसला म्हणाले, “माझा चष्मा वर पीठावर राहिलाय. मी आणायला जातो.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. एगिडियुस म्हणाला, “होय महाराज.”

चर्चच्या पायऱ्यांवर थांबलेल्या नोटबुर्गाला त्यांनी जवळ बोलावलं. “पश्चिमेला बघितलं तर?”

“तिकडे तर तुमचं घर आहे.”

“हो.”

तिने दाराबाहेर, गढीच्या दिशेने एकदा पाहून घेतलं. मग म्हणाली, “मग आमची ना नाही.”

ते पायऱ्या चढेपर्यंत चर्च पुन्हा भरत आलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, घंटा वाजली नव्हती. महाराज वर उभे राहिले, पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून, आणि मनातल्या मनात ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना पुरी होईपर्यंत हलले नाहीत. नंतर तोंड न फिरवता पाठमोरेच खाली उतरले. बाहेर एकेक करून हातोड्या थांबल्या. क्रुमेनाख पहिल्यांदा त्यांचं मनापासून ऐकत होतं. बग्गीत बसताना त्यांना स्वतःची इतकी शरम वाटत होती की त्यांनी पडदे ओढून घेतले.

त्या उन्हाळ्यात क्रुमेनाखच्या दरीत कुठल्याच उतारावर गार पडली नाही. जुलैअखेर पूर्वेच्या उतारावरचं गवत कमरेएवढं होऊन कापलं गेलं. महाराजांना वाटलं, चला, आता तरी यांना कळेल की तोंडाचा आणि गारांचा काही संबंध नाही. त्यांनी फादर कोर्बिनियानांना तसं लिहिलंसुद्धा. उत्तर आलं, होय महाराज, लोक फार आनंदात आहेत. म्हणतात की आर्चबिशपांनी गारा अशा घरावर घेतल्या की तिथे पडायची त्यांची हिंमत झाली नाही.

पत्रासोबत एक गाडी आली होती. गिरणीच्या वाडीकडून चीजच्या सहा ढेपा. वरच्या क्रुमेनाखकडून ओल्या गवतात गुंडाळलेले मासे. पूर्वेकडून नोटबुर्गाचं लोणी, गाईच्या छापाचं. कुणीही काही मागितलं नव्हतं. चिठ्ठ्यांवर फक्त दिशांची नावं होती.

“हे परत पाठव,” महाराज म्हणाले.

“परत पाठवलं तर कुणाचं परत केलं आणि कुणाचं नाही याचाही ते अर्थ लावतील,” एगिडियुस म्हणाला.

“सगळ्यांचंच परत पाठव.”

“मग सगळेच घाबरतील, महाराज. पुढच्या वर्षी तिन्ही बाजूंनी गवत लवकर कापलं जाईल.”

महाराजांनी सगळं एका खोलीत नेऊन ठेवायला सांगितलं. घंटेकरी वाइटला बिअर मिळायची. बिअर निदान पिऊन संपवता तरी येते.

काउंट ओटोकार सप्टेंबरात आला. द्राक्षं उतरवायला दहा दिवस उरले असताना गढी सोडून येणारा माणूस तो नव्हता. तो आला, बसला, राजधानीतल्या नव्या नाटकाबद्दल बोलला, ज्ञानकोशाच्या नव्याने निघणाऱ्या पंचविसाव्या खंडाबद्दल बोलला. मग हातमोजा काढला आणि पुन्हा घातला.

“काजेटान, तू म्हणे आमच्याकडे बघितलंस.”

“तुझ्या कानावर आलं का? मला वाटलं तू हसशील.”

“मी हसलोच. महिनाभर हसत होतो.” ओटोकारने हातमोजा पुन्हा काढला. “मळ्यातले मजूर नाही हसले. निम्मे जूनमध्येच सोडून गेले. तेही जाऊ दे, मजूर काय, अडाणी लोक. पण मी रोज सकाळी उठून ढग बघायला लागलो. जून गेला, जुलै गेला, अजून बघतोय. माझं वय अठ्ठावन्न आहे, काजेटान. मी या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे बघितलं.”

“एवढंच ना? त्यामागे दुसरं काही नाही ना?” ओटोकारने त्यांच्याकडे न बघता विचारलं. “नऊ वर्षांचा होतास, तुला गाडीत बसवून दिलं. मी दारात उभा होतो. तू मागे वळून बघितलंस, तेव्हा असाच थांबून बघत होतास.”

महाराजांना ‘नाही’ म्हणायचं होतं.  त्या दिवशी क्रुमेनाखच्या पीठावर त्यांनी कुणाचं नुकसान होणार नाही अशी दिशा शोधली होती, एवढंच ते इतके महिने स्वतःला सांगत आले होते. ते खरं होतं. पण तेवढंच खरं होतं की नाही, हे भावाने विचारेपर्यंत त्यांनी तपासून पाहिलं नव्हतं. चारही दिशांपैकी एकाच दिशेला त्यांनी अख्खी प्रार्थना संपेपर्यंत पाहिलं होतं.

“मूर्खपणा आहे हा सगळा, ओटोकार,” ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच चिरका वाटला. “निव्वळ मूर्खपणा.”

“अर्थात,” ओटोकार उठत म्हणाला. “ते मला कशाला सांगतोस? पुस्तकं मीच दिली तुला.”

दोघे अंगणात आले. काउंटच्या बग्गीमागे एक छकडा होता आणि छकड्यावर वाइनचं भलंमोठं पिंप दोरांनी आवळून बांधलेलं होतं. त्यावर खडूने काही लिहायची ओटोकारला गरज वाटली नव्हती. त्याच्या माणसांनी ते उतरवून चीजच्या खोलीकडे गडगडवत नेलं.

“घरची आहे, गेल्या साली काढलेली,” तो म्हणाला. बग्गीत चढला, दार लावून घेतलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काजेटान, सहज विचारतो. पुढच्या वर्षी कुणीकडे बघणार आहेस?”

गाडीवानाने लगाम तसाच धरून ठेवला. पिंप ढकलणारी माणसं थांबली. कारंज्याजवळचा माळी झारी घेऊन उभा राहिला. महाराजांना अंगणातली सगळी माणसं दिसत होती, आणि सगळ्यांची नजर त्यांच्या तोंडावर होती. भावाकडे बघावं तर त्याची बग्गी पश्चिमेच्या फाटकाशी उभी. वळून घरात जावं तर घराचं दार पूर्वेला. त्यांनी मान खाली घातली आणि पायांतल्या बुटांकडे बघत ते तसेच उभे राहिले.

शेजारी एगिडियुसही खाली वाकला, आणि महाराज फरशीच्या कोणत्या दगडाकडे बघतायत ते त्याने नीट पाहून घेतलं.